आमचे तात्या

आमच्या आजोबांना घरात आणि गावातही सगळे तात्या म्हणायचे. तात्या दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. आम्हा नातवंडांना शाळेत मिरवायला ही गोष्ट फार उपयोगी पडायची. पण मिरवताना एक पंचाईत व्हायची. "मग त्यांनी किती जर्मन मारले?" असं कुणी विचारलं की आमची बोलती बंद. एकदा माझ्या चुलतभावाने सरळ तात्यांनाच विचारलं. तात्या विळ्याने कडबा तोडत होते. मान वर न करता म्हणाले, "मारायचं काम दुसऱ्यांकडं हुतं. म्या आनायचं काम केलं."

म्हणजे काय, ते कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या कुशीला. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांसारखंच हेही फौजी गाव. शेती पावसावरची, तीही तुटपुंजी. त्यामुळे घरातला एक मुलगा मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, हा ठरलेला हिशोब. १९४१ साली तात्या बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. वय वीस. लग्न नुकतंच झालं होतं. प्रशिक्षण झालं आणि १९४३ च्या सुरुवातीला, घरी चार महिन्यांची मुलगी ठेवून, ते समुद्रापार गेले.

त्यांची पलटण म्हणजे पहिली मराठा, 'जंगी पलटण'. ती आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिणेला टारांटोला उतरली आणि मग नद्या ओलांडत ओलांडत उत्तरेकडे सरकत राहिली. त्रिन्यो, सांग्रो, गारी, आर्नो, सेन्यो… इटलीत डोंगर मधोमध आणि नद्या आडव्या, त्यामुळे एक पार केली की पुढे दुसरी उभीच. जर्मन पलीकडच्या काठावर दबा धरून बसलेले. या डिव्हिजनला गमतीने 'अजून एक नदी'वाली डिव्हिजनच म्हणत. तात्यांना नद्यांची नावं अखेरपर्यंत क्रमाने पाठ होती, पण ती ते सांगायचे आमच्या नद्यांसारखी. "सांग्रो म्हंजे आपली कोयनाच की रं. श्रावणात बघावी तशी." नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रोला पूर आला आणि सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले, हे पुढे मी पुस्तकात वाचलं. तात्यांच्या तोंडून आम्ही फक्त चिखलाचं वर्णन ऐकलं होतं. खेचरं पोटापर्यंत रुतायची म्हणे.

आणि तात्यांचं काम? ते स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी होते. दंडाला 'एस. बी.' अक्षरांची पट्टी. कुणी जखमी होऊन पडला की तिथे जायचं, रक्त थांबवायला पट्टी बांधायची आणि त्याला उचलून पलटणीच्या डॉक्टरपर्यंत आणायचं. तिथून पुढे ॲम्ब्युलन्स, मग मागचं इस्पितळ. सपाटीवर हे दोघांचं काम. डोंगरात चार-चार माणसं लागायची आणि एका जखमीला खाली आणायला निम्मी रात्र जायची. पोचवला की परत वर.

या कामाचे नियम तात्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होते, आणि आम्हा सगळ्यांनाही झाले. सपाटीवर माणसाचे पाय पुढे. चढ आला की स्ट्रेचर फिरवायची आणि डोकं पुढे घ्यायचं. खाली ठेवताना आधी पायाकडची बाजू, असलं तात्या कधी करू द्यायचे नाहीत. दोन्हीकडून एकदम आणि हळू. उचलताना एकाने मोजायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालताना पाऊल जुळवायचं नाही. पलटणीत गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून काय शिकवतात तर पाऊल जुळवायला. पण स्ट्रेचर घेतलेले दोघं डावा-उजवा जुळवून चालले की ती झोपाळ्यासारखी हलते आणि वरच्या माणसाचं मोडलेलं हाड हाडावर घासतं. म्हणून पाऊल तोडून चालायचं. आणि चालताना त्याच्याशी बोलत राहायचं. काय बोलायचं याला महत्त्व नाही. "तेला वाटलं पायजे, आपल्याला कुणीतरी धरलंय."

एक आठवण मात्र तात्या फार क्वचित सांगायचे. मी ती दोनदाच ऐकली. १९४४ चा उन्हाळा, फ्लोरेन्स शहर जवळ आलं होतं. पलटण एका जुन्या गढीवजा वाड्यात उतरली. तळघरात आसपासच्या गावांतली माणसं बायकामुलांसह लपलेली. आणि वरच्या दालनांत भिंतींना टेकवून ठेवलेली मोठाली चित्रं, माणसापेक्षा उंच. साहेबाने हुकूम दिला की चित्रांना हात लावायचा नाही. पहारा बसला. हा वाडा म्हणजे माँटेगुफोनी. फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रं युद्धापासून वाचवायला तिथे आणून ठेवली होती, आणि त्यांत बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं. ब्रिटिश लेखक एरिक लिंकलेटर त्या दिवसांत तिथे गेले होते आणि त्यांनी यावर लिहिलंय. जगातल्या सगळ्यात मोलाच्या चित्रांपैकी एक, आणि त्याच्या दाराशी कोण उभं, तर आमच्या सातारा-कोल्हापूरकडची पोरं! मला हे वाचून केवढा आनंद झाला होता.

पण तात्यांना चित्रांचं काही नव्हतं. त्यांना आठवायची तळघरातून वर आलेली एक लहान मुलगी. दोन वर्षांची असेल. तात्यांनी तिला खिशातली साखर दिली. ती बोटाला लावून चाटत बसली आणि तात्या तिच्याकडे बघत बसले, आपलीही आता एवढी झाली असेल म्हणून.

त्यांची मुलगी तोवर गेली होती.

१९४४ च्या पावसाळ्याच्या तोंडालाच तिला ताप भरला. घरात म्हातारे सासू-सासरे आणि आजी. भावकीतले धडधाकट पुरुष मुंबईला नाहीतर पलटणीत. नदी भरलेली, पाटणच्या बाजूला जायचं तर आठ मैल डोंगर उतरून होडीने. आजी तिला छातीशी घेऊन निघाली होती, पण होडीवाल्याने पाण्यात होडी घालायला नकार दिला. चौथ्या दिवशी पोर गेली. परमुलखात जीव लावून बसलेल्या मुलाला हे कसं कळवायचं, म्हणून पणजोबांनी दसऱ्यापर्यंत पत्रच लिहू दिलं नाही. मग शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलं. ते पत्र तात्यांना मिळालं हिवाळ्यात, ॲपेनाइन्सच्या डोंगरात, बर्फात. तात्यांनी महिने मोजले. साखरेचा तो दिवस कधीचा आणि पोर गेली कधी, याचा हिशोब लावला. "म्या तिकडं परक्याची पोरं उचलत हुतो," एवढंच ते म्हणायचे. पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

इटलीतलं युद्ध २ मे १९४५ ला संपलं. तात्या परत आले आणि १९४६ मध्ये पलटणीतून मोकळे झाले. नोकरी थोड्या वर्षांची, त्यामुळे पेन्शन नाही. तीन पदकं मिळाली: १९३९-४५ स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. ती बिस्किटाच्या डब्यात रेशनकार्डाच्या खाली असायची.

परत आल्यावर त्यांनी केलेलं पहिलं काम आजी नेहमी सांगायची. त्यांनी बेटातले दोन जाड बांबू तोडले, तासून गुळगुळीत केले, तागाची दोन पोती उसवून दुहेरी शिवली आणि त्यात ते बांबू घातले. आडव्या दोन काठ्या बांधल्या. झाली स्ट्रेचर तयार. ती ओटीवर, आढ्याला टांगलेली असायची. गावात कुणालाही, कुठल्याही वाड्यावस्तीवर, लागलं-खुपलं, अडलेली बाळंतीण असली, साप चावला, की लोक तात्यांकडे यायचे. गावाला रस्ता झाला १९७८ साली. तोवरची बत्तीस वर्षं आमच्या गावाची ॲम्ब्युलन्स म्हणजे ती पोती. पोती फाटली की तात्या नवी शिवायचे, बांबू मात्र तेच राहिले. घरातल्या पोरांनाही ते उचलायला शिकवायचे. माझे वडील, अण्णा, आठव्या-नवव्या वर्षी मोकळ्या स्ट्रेचरवर धाकट्या भावाला घालून अंगणात सराव करायचे. पाऊल जुळलं की तात्या ओसरीवरून ओरडायचे.

पुढे कोयनेचं धरण सुरू झालं आणि तात्या तिथे मुकादम म्हणून लागले. मुंबईला जास्त पैसे मिळाले असते. भावकीतले लोक बोलवतही होते. पण तात्या म्हणाले, रात्रीला घरी येता येईल तिथंच काम करणार. दोन आत्यांना आणि अण्णांना त्यांनी शिकवलं. आत्यांच्या शिक्षणावरून गावात बरंच बोललं गेलं. नदीपलीकडच्या शाळेत मुलींना पाठवायचं म्हणजे काय! तात्या सकाळी कामावर जाताना त्यांना होडीपर्यंत सोडायचे आणि संध्याकाळी काठावर उभे राहायचे. पाणी चढलेलं असलं की शाळा बंद, परीक्षा असली तरी. यात कुणाचं काही चालायचं नाही. धाकटी आत्या अजून सांगते की तिला एकदा साधा थंडीताप आला होता, तर तात्यांनी तिला पहाटे उठवून स्ट्रेचरवर घातलं होतं. ती ओरडत होती, "मला चालता येतंय!" :) (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहिती आहे. कॉमेंटमध्ये भांडू नकोस.)

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हलली आणि खोऱ्यातली दगडमातीची घरं बसली. सुमारे १८० माणसं गेली, जखमी तर दोन हजारांच्या वर. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे होते. ते सांगतात की तात्यांनी घरातले सगळे मोजले, आढ्याची स्ट्रेचर काढली आणि अण्णांना म्हणाले, "पायाकडनं धर." त्या दिवशी बापलेकांनी आणि गावातल्या चार पोरांनी अकरा माणसं खाली ट्रकपर्यंत पोचवली. दुपारनंतर अण्णांचे हात थरथरायला लागले. तात्या सेहेचाळीस वर्षांचे, ते तसेच चालत होते आणि वरच्या माणसाशी बोलत होते. भाताचं काय झालं, म्हैस किती दूध देते, असलं काहीतरी. त्या दिवसापर्यंत अण्णांना वाटायचं की हे नियम म्हणजे म्हाताऱ्याची फौजी खोड आहे.

तात्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र मी स्वतः पाहिलं. १९८६ साली आजीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नऊ वर्षं ती अंथरुणावर होती. तात्यांनी दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदलायचं ठरवलं ते तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत. रात्रीसुद्धा. गजर न लावता उठायचे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, "एक… दोन… आता" असं तिला सांगून मगच हलवायचे. तिला बोलता येत नव्हतं, पण ते तिच्याशी बोलायचे. नऊ वर्षांत तिला एकही जखम झाली नाही. तालुक्याचे डॉक्टर आले की नवीन कंपाउंडरला मुद्दाम दाखवायचे, बघ म्हणून. राज्य सरकारकडून दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनच्या सैनिकांना दरमहा अनुदान मिळायला लागलं, ते सगळं आजीच्या औषधात जायचं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. तात्यांचं कौतुक सगळे करतात, कारण पुरुषाने बायकोची सेवा करणं गावाला नवीन होतं. त्याच नऊ वर्षांत आजीचं धुणं, पेज, अंघोळ हे माझी आई करत होती, शेत सांभाळून. तिचं कुणी कौतुक केलं नाही, कारण ते सुनेचं कामच. तात्या मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "स्ट्रेचरला दोन टोकं असत्यात. दुसरं टोक सूनबाईनं धरलंय." आई हे वाक्य अजून सांगते, आणि सांगताना थोडी ताठ बसते.

आजी १९९५ मध्ये गेली. तात्या २००३ मध्ये, झोपेतच.

आता हे सगळं आज का लिहितेय? आमच्या गावच्या चावडीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, 'या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले' अशी. तशी ती आपल्याकडे बऱ्याच गावांत सापडते. दुसऱ्या महायुद्धाची पाटी नाही. गावातल्या तरुण मुलांनी ती करायचं ठरवलंय, आणि भावकीच्या ग्रुपवर विचारणा झाली की तात्यांच्या नावापुढे कोणतं शौर्य लिहायचं. एका भावाने लिहून टाकलं, 'जर्मन सैन्याशी झुंज देणारे वीर'. त्यावर बाकीच्यांचे हात जोडलेले अंगठे आणि झेंडे.

मंडळी, मला ते वाक्य नको आहे. त्यात खोटं काही नाही म्हणा, पण त्यात तात्या नाहीत.

तात्यांच्याच पलटणीत नामदेव जाधव होते, नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. कंपनीचे निरोप पोचवणारे रनर. ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीवरच्या हल्ल्यात त्यांनी जे केलं त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी एकट्याने तीन मशीनगन गप्प केल्या, हे सगळीकडे छापून येतं. तात्या म्हणायचे, "ते खरं. पर तेनं आदी काय केलं? दोन जखमी गडी पान्यातनं, सुरुंगातनं पाठीवर घिऊन आला. मग बंदुकीकडं गेला." मी नंतर वाचलं, क्रम तोच आहे. आधी माणसं आणली.

इटलीत ५० हजारांहून जास्त हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ तिथेच राहिले. २०२३ मध्ये तिथल्या माँटोने गावात यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. तेही मराठा पलटणीचे, १० जुलै १९४४ ला तिथे धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांचा मान मोठाच आहे आणि तो मोठाच राहावा. पण जे परत आले त्यांना पुढे पन्नास-साठ वर्षं जगायचं होतं. युद्धातून काय घेऊन यायचं, हे त्यांना एकेकट्याने ठरवावं लागलं. कुणी दारू आणली, कुणी राग आणला. आमच्या शेजारच्या वाडीतले एक सुभेदार कुणाशी बोलतच नसत. तात्यांच्याही मनात एक पोर कायमची होती, त्या दुःखाचं त्यांना काहीही करता आलं असतं. त्यांनी दोन बांबू तासले.

म्हणून पाटीवर माझ्या मते एवढंच यावं: नाव, पलटण, इटली १९४३ ते १९४५, 'जखमींना आणण्याचे काम केले. गावी परतल्यावरही तेच केले.' आत्या, दादा, मुंबईचे काका, तुमचं काय मत आहे ते सांगा. भांडूया, पण नीट भांडूया.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं जवळजवळ थांबलं. माझ्या पुण्याच्या घरी आहेत. दिवसा एक मावशी येतात, रात्री मी आणि शनिवार-रविवार दादा. सोपं नाहीये. नोकरी आहे, माझी पाठ दुखते, दादाची आणि माझी पैशांवरून कुरबुर होते, आणि त्यांना चांगल्या केंद्रात ठेवावं का हा विषय आमच्यात दोनदा निघाला आहे, तिसऱ्यांदाही निघेल. तात्यांचं उदाहरण मी कुणाच्या डोक्यावर मारणार नाही. स्वतःच्याही नाही. एका माणसाला दोन टोकं धरता येत नाहीत, हे तात्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

पण कामाचे नियम उपयोगी पडतात, हे मात्र खरं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मोजायचं, मग हलवायचं. परवा रात्री अडीच वाजता मी अर्धवट झोपेत, काही न बोलता त्यांची कूस बदलत होते. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बोल की काहीतरी."

मग मी त्यांना म्हशीचं विचारलं.